जिवाणूसंसर्गात माशाच्या भक्षक पेशी मरतात: फायदा माशाचा की जिवाणूचा?

प्रश्न – मत्स्यविद्यार्थिनी

नमस्कार. मत्स्यविज्ञानाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी मी मागूर माशातील एरोमोनास हायड्रोफिला या जिवाणूच्या संसर्गावर प्रबंध लिहीत आहे. तळ्यातील रोहू-कटल्याच्या अंगावर लाल व्रण पाडणारा आणि त्यांच्या पोटात पाणी साठवणारा हाच तो जिवाणू. दिल्ली विद्यापीठातील संशोधकांनी दाखवून दिले आहे की मागूरच्या हेड किडनीतील (मूत्रपिंडाच्या डोक्याकडील भागातील) मॅक्रोफेजमध्ये, म्हणजे जिवाणू गिळणाऱ्या भक्षक पेशींत, तो कॅल्शियमची पातळी वाढवतो, कॅस्पेज-३ हे विकर (एन्झाइम) जागे होते आणि पेशी अ‍ॅपॉप्टोसिसने मरते. माझी अडचण अशी की, पाठ्यपुस्तकांत अ‍ॅपॉप्टोसिस म्हणजे दाह न होऊ देता शिस्तीत घडणारा आणि शरीराच्या हिताचा मृत्यू असे शिकवले जाते. तसे असेल तर मासा दगावतो कशाने? शिवाय सस्तन प्राण्यांत ज्याला पायरोप्टोसिस म्हणतात, तो स्फोटक मृत्यू माशांत होतो का?

प्रतिसाद १ – खाऱ्या पाण्यातला

अ‍ॅपॉप्टोसिस शरीराच्या हिताचा ठरतो तो एका अटीवर: मरणारी पेशी फुटण्यापूर्वी दुसऱ्या भक्षक पेशीने ती गिळली पाहिजे. ही अट मोडल्यावर काय होते, याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण भूमध्य समुद्रातील मत्स्यशेतीत सापडते. तेथे सी बास आणि सी ब्रीम या माशांना फोटोबॅक्टेरियम डॅमसेली, उपजाती पिसिसिडा, या जिवाणूमुळे एक घातक रोग होतो. पाणी उबदार असताना त्याची साथ येते आणि लहान मासे सर्वाधिक दगावतात. हा जिवाणू एआयपी-५६ नावाचे विष बाहेर सोडतो. त्याचे जनुक प्लास्मिडवर (जिवाणूच्या गुणसूत्राबाहेरील डीएनएच्या छोट्या तुकड्यावर) असते आणि त्याचे वर्णन २००५ साली पोर्तुगालमधील संशोधकांनी केले.

हे विष मॅक्रोफेज आणि न्यूट्रोफिल या दोन्ही प्रकारच्या भक्षक पेशींत शिरते. ते जस्तावर चालणारे प्रथिनभंजक विकर असून एनएफ-कप्पा-बी या नियंत्रक प्रथिनाचा पी-६५ हा घटक तोडते, त्यामुळे पेशीला जगवणारे आणि दाहाची सूचना देणारे जनुक-संदेश एकाच वेळी थांबतात आणि पेशी अ‍ॅपॉप्टोसिसच्या वाटेला लागते. आता मेलेल्या न्यूट्रोफिलला गिळणार कोण? मॅक्रोफेजही मेलेले असतात. न गिळलेल्या पेशी काही वेळाने आपोआप फुटतात, न्यूट्रोफिलमधील इलास्टेजसारखी ऊती पचवणारी विकरे रक्तात मिसळतात आणि माशाच्या स्वतःच्या अवयवांची हानी होते. म्हणजे सुरुवात शिस्तीत झाली, तरी शेवट नेक्रोसिसमध्ये, म्हणजे पेशी फुटून होणाऱ्या बेशिस्त मृत्यूत होतो. याच विषाविरुद्धची प्रतिपिंडे आधी टोचलेले सी बास संसर्गातून बचावले, यावरून मूळ कारण हे विषच असल्याचे ठरते.

मागूरच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. माशांना अस्थिमज्जा नसते आणि लसिकाग्रंथीही नसतात. रक्तपेशी मुख्यतः हेड किडनीतच तयार होतात. तेव्हा तेथील मॅक्रोफेज मरणे म्हणजे लढणाऱ्या पेशींबरोबर त्या जेथे घडतात त्या जागेवरही घाला येणे. एरोमोनासजवळ पेशीपटलाला छिद्रे पाडणारे एरोलायसिन हे विषही असते, हे वेगळेच.

प्रतिसाद २ – झेब्राफिश प्रयोगशाळा

पायरोप्टोसिस माशांत होतो, मात्र त्याची यंत्रणा आपल्यापेक्षा वेगळी आहे. सस्तन प्राण्यांत पेशीपटलाला छिद्रे पाडण्याचे काम प्रामुख्याने गॅसडर्मिन-डी करते. झेब्राफिश या प्रयोगशाळेत वापरल्या जाणाऱ्या छोट्या माशात ते प्रथिनच नाही, ते काम गॅसडर्मिन-ई करते. जिवाणूच्या आवरणातील लायपोपॉलिसॅकराइड पेशीच्या आत आल्यास ते कॅस्पी-२ हे विकर थेट ओळखते. या कॅस्पी-२ ची पातळी घटवलेल्या पिल्लांवरील निष्कर्ष आपल्या प्रश्नाला नेमका भिडतो: एडवर्डसिएला पिसिसिडा या माशांना रोग करणाऱ्या जिवाणूचा संसर्ग झाल्यावर त्यांच्या आतड्यातून जिवाणू नीट हटेनात, पण जिवाणूंच्या मोठ्या मात्रेने येणाऱ्या सेप्टिक शॉकमध्ये (संसर्गाला शरीराने दिलेल्या अतिरेकी, जीवघेण्या प्रतिसादात) मात्र तीच पिल्ले अधिक तगली. एकच मृत्युयंत्रणा थोड्या जिवाणूंसमोर संरक्षण करते आणि भरमसाट जिवाणूंसमोर माशालाच संपवते.

बडोद्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या ललिता रामकृष्णन यांच्या गटाने मायकोबॅक्टेरियम मरिनम या माशांना क्षयासारखा रोग करणाऱ्या जिवाणूवर केलेले कामही आवर्जून वाचावे. टीएनएफ हा संदेशवाहक कमी पडला तर जिवाणू मॅक्रोफेजमध्ये वाढत राहतात. तो अति झाला तर आधी काही जिवाणू मरतात, पण मायटोकाँड्रियात तयार होणाऱ्या ऑक्सिजनच्या क्रियाशील रूपांमुळे मॅक्रोफेज नेक्रोसिसने फुटतो आणि उरलेले जिवाणू पेशीबाहेर मोकाट वाढतात. झेब्राफिशची पिल्ले पारदर्शक असल्याने हे सारे जिवंत माशात सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येते.

मत्स्यविद्यार्थिनी

दोघांचेही मनापासून आभार. मग मागूरमध्ये अ‍ॅपॉप्टोसिस कोणाच्या बाजूने आहे, हे प्रयोगातून कसे ठरवावे?

प्रतिसाद ३ – रोगनिदान

पेशी मेल्या एवढे दाखवून ते ठरणार नाही. संसर्गानंतर ठरावीक तासांच्या अंतराने पेशींचा मृत्यू आणि पेशीच्या आतील व बाहेरील जिवंत जिवाणूंची संख्या ही दोन्ही एकत्र मोजा; त्यानंतर कॅस्पेज-३ चा अवरोधक वापरून हीच मोजणी पुन्हा करा. अवरोधकामुळे जिवाणू घटले तर मृत्यू जिवाणूच्या सोयीचा होता, वाढले तर माशाच्या.

ट्यूनेल चाचणीवर एकटीवर विसंबू नये. ती तुटलेला डीएनए रंगवते आणि नेक्रोसिसमधील पेशीही त्यात रंगू शकतात. अ‍ॅनेक्सिन-व्ही (मरू लागलेल्या पेशीच्या पृष्ठभागाला चिकटणारे) व प्रोपिडियम आयोडाइड (फक्त पटल फाटलेल्या पेशीत शिरणारे) ही जोडी वापरावी आणि पेशीतून द्रावणात गळलेले लॅक्टेट डिहायड्रोजिनेज हे विकर मोजावे, म्हणजे पेशी अखंड राहून मेली की फुटून, हे कळते.

तळ्यावर तरंगणारा मेलेला मासा या कामाला निरुपयोगी असतो, कारण आपल्याकडच्या उन्हाळ्यात काही तासांतच ऊती आपोआप विरघळू लागतात आणि प्रत्येक छेदात मृत पेशीच दिसतात. मरणासन्न पण श्वास चालू असलेला मासा भूल देऊन घ्यावा, कल्ल्यांच्या मागे पाठीच्या कण्यालगतची हेड किडनी काढून तिचे पातळ तुकडे लगेच दहा टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मेलिनमध्ये, ऊतीच्या किमान दहापट द्रावणात, टाकावेत. आणि बाजारातून आणलेल्या मागूरवर त्याच दिवशी प्रयोग सुरू करू नये: वाहतुकीच्या ताणाने कॉर्टिसोल हे ताणाचे संप्रेरक वाढते आणि कार्प माशांत तर केवळ कॉर्टिसोलनेही प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी-पेशी अ‍ॅपॉप्टोसिसने मरतात, म्हणून मासे टाकीत रुळू द्यावेत आणि संसर्ग न केलेला गट त्याच टप्प्यांवर तपासावा.