मदत हवी आहे : भान ठेवताना मनातला समालोचक गप्प कसा करायचा?

पूजापाठ सुटून बरीच वर्षं झाली. देवाशी भांडण नाही, पण कुणीतरी सांगितलं म्हणून मानायचं हे जमत नाही. तत्त्वचिंतक जे. कृष्णमूर्ती ज्या आध्यात्मिक संघटनेचे प्रमुख होते, तीच त्यांनी १९२९ साली विसर्जित केली, हे वाचलं तेव्हा फार हायसं वाटलं होतं.

सध्या वेगळं आसन घालून बसत नाही. भांडी घासताना, जिना चढताना, कुणी बोलत असताना फक्त लक्ष ठेवायचा प्रयत्न करते. अडचण अशी की दोन मिनिटांत आतून समालोचन सुरू होतं : ‘आता पाणी गार लागतंय, आता राग येतोय, वा, किती सजग आहेस!’ म्हणजे कर्मकांड गेलं आणि त्याच्या जागी हा पहारेकरी आला. रागाच्या वेळी तर तोही गायब. तासाभराने उगवतो, पश्चात्तापासकट.

बौद्ध परंपरेत या भानाला ‘सति’ म्हणतात. हा पाली शब्द म्हणजे संस्कृत ‘स्मृति’चंच रूप, म्हणजे मुळात आठवण राहणं. तीच तर राहत नाही!

ज्यांनी गुरू किंवा पंथाशिवाय हे काही वर्षं केलंय, त्यांनी सांगावं : ही बडबड आपोआप विरते का? की तिच्याकडेही नुसतं बघत राहायचं? आणि ऐन रागात भान यायला तुम्हाला कशाचा उपयोग झाला?