शॉकअप अख्खा भट्टीत नको
यामाहा आरएक्स १०० बाईकचे मागचे शॉकअप न खोलता तसेच पावडर कोटिंगला (रंगाची कोरडी पावडर भट्टीत वितळवून बसवतात ते) द्यावेत का, असं एकाने विचारलंय. अजिबात नको. पावडर वितळून पक्की व्हायला भट्टी १८०-२०० अंशांवर ठेवतात. तेवढ्या तापमानात आतलं ऑइल सील (तेल बाहेर येऊ न देणारी रबरी कडी) कडक होतं, रबरी बुश जातात. आणि शॉकअप गॅसचा असेल तर फुटायचीच भीती.

फक्त स्प्रिंग काढून पावडर कोटिंगला द्या. काढताना स्प्रिंग कॉम्प्रेसरच (स्प्रिंग दाबून धरायचं अवजार) वापरा. दाबलेली स्प्रिंग सुटली की तोंड फोडते. क्रोमची असेल तर मात्र क्रोम ॲसिडने उतरवू देऊ नका, स्प्रिंगचं पोलाद ठिसूळ होऊन पुढे तुटू शकतं.

खालच्या बॉडीला स्प्रे पेंट पुरतो. आधी थिनरने तेलाचा अंश पुसा, ३२० नंबरचा पॉलिश पेपर मारा, मग प्रायमर आणि टू-के पेंटचे (हार्डनर मिसळून वापरायचा रंग) पातळ हात. सीलमधून आत-बाहेर सरकणाऱ्या रॉडला टेप घट्ट गुंडाळा. त्यावर वाळलेला रंगाचा एक थेंबही सीलची कड खरवडतो, मग तेल गळायला लागतं.

सील आधीच गळत असेल तर रंगावर खर्च कशाला? आधी ते बघा.