प्रति: मस्ट की हॅव टू?
इंग्रजीतले ‘मस्ट’ आणि ‘हॅव टू’ एकच, कोणतंही टाका, असं या चर्चेत आधी कुणीतरी म्हटलंय. साध्या होकारी वाक्यात बहुतेक वेळा खपून जातं, पण नकार आला की अर्थच फिरतो. ‘यू मस्ट नॉट पे द फी’ म्हणजे फी भरू नका, सक्त मनाई. ‘यू डोन्ट हॅव टू पे द फी’ म्हणजे भरायची गरज नाही. मराठीत ‘नये’ आणि ‘गरज नाही’ यांत आपलं लेकरूसुद्धा गोंधळत नाही. तेव्हा आधी मराठीत कोणतं बसतंय ते बघा, मग इंग्रजी लिहा. भूतकाळात ‘मस्ट’ला स्वतःचं रूपच नाही. ‘काल परभणीला जावंच लागलं’ याचं ‘आय मस्ट वेंट’ होत नाही, ‘आय हॅड टू गो’ होतं. ‘ही मस्ट हॅव गॉन’ म्हणजे ‘तो गेला असणार’, म्हणजे निव्वळ अंदाज.

आर्टिकलचा, म्हणजे नावाआधी ‘द’ लावायचा की नाही, हा प्रश्न राहिलाच. ‘द गोदावरी’ बरोबर, कारण नदी. ‘द मराठवाडा’ चूक, पण ‘द मराठवाडा रीजन’ बरोबर. तिथं ‘द’ रीजनला लागलाय, मराठवाड्याला नाही.