लघवीच्या पिशवीला अजून आतड्याचंच ठिगळ?

गवतीचहा: माझ्या भाच्याला जन्मापासून स्पायना बिफिडा, म्हणजे पाठीचा कणा नीट जुळलेला नाही, त्यामुळे पिशवीच्या नसा धड काम करत नाहीत. पिशवी आक्रसली, प्रेशर किडनीवर जायला लागलं म्हणून चार वर्षांपूर्वी आतड्याचा तुकडा जोडून ती मोठी केली. किडन्या वाचल्या, मान्यच. पण आतडं ते आतडंच, कुठेही शिवा, चिकट स्राव सोडायचं काही थांबत नाही. रोज रात्री ताई कॅथेटरमधून मोठ्या सिरिंजने सलाईन आत सोडते नि परत ओढते, शेंबडासारख्या तारा येतात नुसत्या. दोन दिवस आळस केला की खडे व्हायची भीती. 2006 मध्ये अमेरिकेतल्या डॉ. अँथनी अटालांनी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात 7 पेशंट दाखवले होते ना, स्वतःच्याच पेशी साच्यावर वाढवून केलेल्या पिशव्या? ते कुठे गडप झालं? आतड्यावर स्वस्तात भागतंय म्हणून कोणी मनावर घेत नाही, दुसरं काय.

यूरो_रेसिडेंट: घेतलं की मनावर! टेंजिऑन कंपनीने तसंच ठिगळ 10 मुलांना लावलं, रिझल्ट 2014 ला आले. पिशवीत मावणारी लघवी वाढली नाही, आणि चौघांना आतडं अडकणं नाहीतर पिशवी फाटणं असलं काहीतरी झालं. त्याच वर्षी कंपनीचं दिवाळं वाजलं. जाड ठिगळाला आतपर्यंत रक्त पोचत नाही आणि मग ते आकसतं, खरी गोची तिथे आहे. आतडं येतं ते स्वतःची रक्तवाहिनी घेऊनच.

गवतीचहा: 10 मुलांवरून निकाल लावून टाकला? मग अटालांच्या 7 वरून हुरळू नका म्हणणारेही तुम्ही डॉक्टरच.

कोपऱ्यातलादिवा: मे 2025 मध्ये लॉस एंजेलिसला अख्खी पिशवीच ट्रान्सप्लांट केली की, कसलं ठिगळ घेऊन बसलात.

यूरो_रेसिडेंट: @दिवा त्या माणसाला किडनीही बसवायची होती, म्हणजे शरीराने परका अवयव नाकारू नये म्हणूनच्या, रिजेक्शनच्या गोळ्या तशाही जन्मभर घ्यायच्याच होत्या. शाळकरी पोराला फक्त पिशवीसाठी त्या सुरू करणार का? @गवतीचहा, पॉइंट बरोबर आहे, 10 कमीच. पण पुढचं अकरावं पोर कोणाचं घ्यायचं, तुमच्या भाच्याचं चालेल?

गवतीचहा: हा प्रश्न नाही, तोंड बंद करणं आहे. आणि हो, ताईला विचारलं तर ती चालेल म्हणेल, रात्रीचं पिशवी धुणं तिच्याकडे आहे, तुमच्याकडे नाही.

यूरो_रेसिडेंट: बरं, राहिलं. त्याचं बी-12 शेवटचं कधी तपासलं? आतडं वापरलं की काही वर्षांनी कमी पडू शकतं.

गवतीचहा: हे आम्हाला कोणी बोललंच नाही. विचारते ताईला.