मदत हवी आहे : आईला गुडघ्यांच्या व्यायामाची भीती बसली आहे

नमस्कार मंडळी,

आई ६८ वर्षांची, उंची पाच फूट, वजन ७६ किलो होतं. दोन्ही गुडघ्यांची झीज आहे. एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनची घाई नाही, आधी वजन उतरवा आणि व्यायाम सुरू करा.

अडलंय ते व्यायामापाशी. शेजारच्या काकूंनी तिच्या मनात भरवलंय की गुडघ्यातलं वंगण संपलंय, आता चालशील तेवढे ते जास्त झिजतील. तेव्हापासून संध्याकाळचं फिरणं बंद. जिना उतरताना दोन्ही हातांनी कठडा धरते, तिरकी होते आणि प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत खाली येते. मला ते बघवत नाही.

फिजिओथेरपिस्टने साधंच सांगितलंय. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायची, पाच आकडे मोजायचे, सोडायची. खुर्चीवर बसून पाय सरळ करायचा. शक्यतो हात न टेकता खुर्चीतून उठायचं. मांडीचे स्नायू भक्कम झाले की सांध्याला आधार मिळतो. करताना थोडं दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या दिवशीही ठणकत राहिलं तर प्रमाण कमी करायचं. २०१३ साली प्रसिद्ध झालेला एक अमेरिकी अभ्यासही मी वाचला. पंचावन्न आणि त्यापुढच्या वयाचे, वजन जास्त असलेले ४५४ जण, १८ महिने. आहार आणि व्यायाम दोन्ही सांभाळणाऱ्यांचं दुखणं नुसता आहार किंवा नुसता व्यायाम करणाऱ्यांपेक्षा कमी झालं. एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी घटतो, हेही मी तिला सांगितलं. ऐकून घेते, पण उठत नाही.

रात्रीचा भात बंद केल्यावर दोन महिन्यांत दीड किलो उतरलं. पण सोमवार, चतुर्थी, एकादशी, आणि प्रत्येक वेळी दाण्याच्या कुटाची साबुदाणा खिचडी! उपास सोड असं मी म्हणणार नाही, तिची श्रद्धा आहे. उपासाला पोटभरीचं, पण हलकं असं तुमच्याकडे काय करतात? वजनाबरोबर ताकद जाऊ नये म्हणून एरवी डाळ, दही, उसळ वाढवली आहे.

आणि मुख्य म्हणजे, अशी भीती बसलेल्या आईवडिलांना कुणी पुन्हा चालतं केलं असेल तर कसं, ते सविस्तर लिहा. पोहता न येणाऱ्या बायकांना पाण्यातले व्यायाम जमतात का?

आज सकाळी मी समोर बसून मोजत होते. खुर्चीतून चार वेळा उठली, पाचव्यांदा "पुरे गं" म्हणाली.