‘आधी दारू सोडा, मग डोक्याचे बघू’ : या सल्ल्याला माझे उत्तर

सिडकोतला थोरला

परवा ‘गंगापूररोड’ या सदस्यांनी येथे लिहिले की, दारू पिणाऱ्याला डिप्रेशनचा किंवा बायपोलरचा (उन्माद आणि उदासी आलटून पालटून येण्याच्या आजाराचा) शिक्का देणे म्हणजे त्याच्या हाती पिण्याचे आणखी एक निमित्त देणे होय. आधी तीन महिने बाटली बाजूला ठेवावी आणि मग काही उरलेच तर डोक्याचे बघावे. त्याखाली ‘अगदी बरोबर’ म्हणणाऱ्यांची रांग लागली. मी दोन दिवस गप्प बसलो, पण आज राहवत नाही, कारण याच सल्ल्यापायी माझा धाकटा भाऊ मरता मरता वाचला आहे.

त्याला उन्मादाचा पहिला झटका एकविसाव्या वर्षी आला, तेव्हा त्याने दारूला हातही लावलेला नव्हता. चार रात्री तो झोपला नाही आणि पगार झाल्याच्या दिवशी मेनरोडवर जाऊन त्याने मित्रांसाठी सात जोड बूट विकत घेतले. बायपोलरचे निदान झाले, मनाचा तोल राखणारे लिथियम हे औषध सुरू झाले आणि पुढची सहा वर्षे तो अंबडच्या कारखान्यात नियमित कामावर जात होता. मग रात्रपाळी लागली, झोप मोडली, झोप यावी म्हणून क्वार्टर आली आणि वर्षभरात क्वार्टरचा खंबा झाला.

मानसोपचारतज्ज्ञांनी सांगितले की, पिणाऱ्या माणसावर औषध चालवता येत नाही, आधी व्यसनमुक्ती केंद्रात न्या. केंद्राने हाती दिलेल्या कागदावर टॉवेल, साबण आणि दोन जोड कपडे यांच्या खाली ‘कोणत्याही गोळ्या आणू नयेत’ असे छापलेले होते. तेथील माणसाने लिथियमची पिशवी माझ्या हातात परत ठेवली आणि तो म्हणाला, “एक नशा सोडायला आणलंय, दुसरी कशाला चालू ठेवता?” लिथियमने नशा होत नाही. ते एकाएकी थांबवले तर उन्माद उसळण्याची भीती असते, हे आम्हाला पहिल्याच डॉक्टरांनी बजावून सांगितले होते, तरीही मी ती पिशवी घेऊन घरी आलो. नवव्या रात्री माझा भाऊ केंद्राच्या गच्चीच्या कठड्यावर उभा राहून आपल्याला वरून बोलावणे आल्याचे ओरडून सांगत होता.

असे रुग्ण एखाददुसरेच असतात, असे कोणी म्हणू नये. अमेरिकेत वीस हजारांहून अधिक लोकांच्या पाहणीवर आधारलेला जो अभ्यास 1990 साली प्रसिद्ध झाला, त्यात बायपोलरच्या निम्म्याहून अधिक आणि स्किझोफ्रेनियाच्या, म्हणजे भास-भ्रमांच्या आजाराच्या, 47 टक्के रुग्णांना आयुष्यात कधी ना कधी दारूचा किंवा अमली पदार्थांचा आजार जडल्याचे आढळले होते. आपल्या 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही दारू व अमली पदार्थांमुळे उद्भवणाऱ्या मानसिक अवस्था मानसिक आजाराच्या व्याख्येत घेतल्या आहेत. असे असताना रुग्णाने एका दारातून दुसऱ्या दारात किती वेळा हेलपाटे घालायचे? एकाच ठिकाणी, एकाच केसपेपरवर, एकाच वेळी दोन्ही आजारांवर उपचार व्हावेत, एवढीच माझी मागणी आहे.

गंगापूररोड

आपल्या भावाचे वाचून वाईट वाटले, परंतु माझे म्हणणे मी मागे घेणार नाही. मी अकरा वर्षे दारूला शिवलेलो नाही, आणि त्यापूर्वीची चार वर्षे मी आपण मागता तसेच उपचार घेत होतो. डॉक्टरांना मी पिण्याचे प्रमाण खोटे सांगितले, त्यांनीही खोलात विचारले नाही, आणि मला उदासीनतेची गोळी व झोपेसाठी अल्प्राझोलाम लिहून मिळाली. परिणामी मी दारूही पीत राहिलो आणि अल्प्राझोलामचेही व्यसन लावून घेतले. त्या दोन्हींचे मिश्रण श्वास थांबवू शकते, हे मला कोणीही सांगितले नव्हते.

पुढे रीतसर दाखल होऊन दोन्ही सोडले. पाचव्या आठवड्यात मी एके सकाळी गोदाघाटावर बसलो होतो आणि हातातील चहाला चव आहे, हे मला कित्येक वर्षांनी जाणवले. माझे डिप्रेशन दारूने आणले होते आणि ते दारूबरोबर गेले. दारूतून आलेली उदासी बहुतेकांच्या बाबतीत दोन ते चार आठवड्यांत ओसरते, म्हणून डॉक्टरसुद्धा पक्के निदान करण्यापूर्वी सुमारे महिनाभर वाट पाहतात. दारू सोडणाऱ्यांच्या आमच्या मीटिंगमध्ये नवे येणारे अनेक जण “मला आजार आहे, म्हणून पितो” या एका वाक्यावर दहा-दहा वर्षे काढतात. त्यांच्या बायकामुलांची अवस्था मी पाहिली आहे, म्हणून मला राग येतो.

नाशिकरोड औषधविक्रेता

काका, निदानासाठी थांबणे वेगळे आणि उपचारासाठी थांबणे वेगळे. आपण या दोन्हींची गल्लत करत आहात. महिनाभर निरीक्षण करावे, हे मान्य. परंतु ज्याचा मानसिक आजार पिण्याच्या आधीपासून आहे, जो मधल्या कोरड्या काळातही आजारी पडला आहे, किंवा जो जिवावर उदार झाला आहे, त्याला महिनाभर कोणाच्या भरवशावर ठेवायचे?

शिवाय ‘आधी सोडा’ हे बोलण्याइतके सोपे नाही. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी थांबवले तर सहा ते अठ्ठेचाळीस तासांत फिट येऊ शकते आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवशी कंप, ताप, भलतेसलते दिसणे हे सारे होऊन माणूस दगावूही शकतो. घरचे लोक त्याला खोलीत कोंडून ग्लुकोज पाजतात. वास्तविक ग्लुकोजच्या आधी थायमिन, म्हणजे बी-1 जीवनसत्त्व द्यावे लागते, अन्यथा मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

सातपूरची वहिनी

आपण तिघेही असे धरून चालला आहात की, रुग्ण स्वतःच्या पायांनी डॉक्टरांकडे येतो. माझा नवरा येत नाही. तो पितो, आणि गेल्या दीड वर्षापासून शेजारी भिंतीला कान लावतात, मी जेवणात काहीतरी कालवते, असे तो म्हणतो. ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ असे पत्रक मला बसच्या खिडकीत चिकटवलेले दिसले. त्यावरील क्रमांकावरून मी पावडर मागवली आणि गेले तीन आठवडे ती वरणातून देत आहे. त्याचे पिणे कमी झाले आहे. याला कोणी चूक म्हणणार असेल तर त्याने आधी एक रात्र माझ्या घरी काढावी.

नाशिकरोड औषधविक्रेता

ताई, ती पावडर आजच्या आज बंद करा. असल्या पावडरीत बहुधा डायसल्फिराम हे दारू सोडवण्याचे औषध असते. ते पोटात असताना दारू गेली की छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो आणि प्रसंगी माणूस मरतो. म्हणूनच ते रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने आणि तपासण्या करून दिले जाते. चोरून देणे हा उपचार नव्हे, तो विषप्रयोगच आहे.

सातपूरची वहिनी

विषप्रयोग हा शब्द आपण परत घ्या. दोन मुलांना घेऊन मी मध्यरात्री जिन्यात बसते, तेव्हा आपल्या संमतीच्या गोष्टी कोठे असतात? सरकारने त्या पत्रकांवर बंदी घातलेली मला तरी दिसत नाही. आपल्यासारख्यांच्याच दुकानांतून रात्री चिठ्ठीशिवाय झोपेच्या गोळ्या मिळतात, त्यावर आपण काही लिहीत नाही.

निफाड द्राक्षबाग

वहिनींना दोष देऊ नये, पण माझ्या चुलत भावाचे सांगतो. त्यालाही घरच्यांनी अशीच पावडर दिली होती. तो एका हळदीला पिऊन आला आणि मांडवातच कोसळला. चेहरा लालबुंद झाला होता आणि हात बर्फासारखे गार पडले होते. दवाखान्यात डॉक्टर पुन्हा पुन्हा विचारत होते की, याला काय दिले आहे, आणि त्याची आई सर्वांसमोर तोंड उघडेना. तो वाचला, पण त्या दिवसानंतर तो घरचे पाणीसुद्धा पीत नाही. जाता जाता एवढेही म्हणतो की, गारपिटीने बाग झोपल्यावर पिणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याला मनोरुग्ण ठरवू नका. आमच्याकडे पुष्कळांचा आजार बँकेच्या नोटिशीपासून सुरू होतो.

नाशिकरोड औषधविक्रेता

शब्द परत घेतो. चिठ्ठीशिवाय गोळ्या देणारे आमच्या व्यवसायात आहेत, हेही कबूल करतो. पण ताई, एका गोष्टीचा विचार करा. “जेवणात काहीतरी कालवतात” हाच ज्याचा संशय आहे, त्याच्या जेवणात आपण खरोखरच काहीतरी कालवत आहात. उद्या त्याला कळले तर त्याचा भ्रम खरा ठरेल आणि तो कोणाच्याही हातची गोळी घेणार नाही. त्यात डायसल्फिरामने असे भ्रम वाढूही शकतात. शेवटच्या मात्रेनंतरही त्याचा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो, म्हणून तेवढ्या काळात तो प्यायला आणि धाप लागली किंवा भोवळ आली, तर 108 ला फोन करा आणि पावडरीचे डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

गंगापूररोड

वहिनींच्या यजमानांना ‘आधी तीन महिने सोडा’ असे मी सांगणार नाही, एवढे मान्य करतो. आणि केंद्राने लिथियम काढून घेतले हा गुन्हाच होता. आमच्या मीटिंगमध्येही कोणी कोणाची डॉक्टरांची औषधे बंद करू नयेत, असाच दंडक आहे. मात्र उदासीनतेच्या बाबतीत माझे मत कायम आहे.

सिडकोतला थोरला

ठेवा. अल्प्राझोलामबद्दलचे आपले म्हणणे मलाही मान्य करावे लागते. एकत्र उपचार म्हणजे पिण्याची चौकशी न करता गोळ्या लिहिणे नव्हे. भावाच्या आताच्या डॉक्टर दर भेटीत आधी पिण्याचे विचारतात, मग झोपेचे, आणि दोन्ही एकाच कागदावर लिहितात. गेल्या चार वर्षांत तो दोनदा घसरला, परंतु एकदाही त्याचे लिथियम थांबले नाही.

वहिनी, यजमान येत नसले तरी आपण एकट्या जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जाऊन सारे सांगू शकता. 14416 या टेली-मानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी फोनसेवेच्या, क्रमांकावरही घरच्यांना बोलता येते. त्यांच्यापासून कोणाच्या जिवाला धोका असेल, तर 2017 च्या कायद्यातील कलम 89 नुसार दोन तज्ज्ञांच्या स्वतंत्र तपासणीनंतर, संमती नसतानाही, तीस दिवसांपर्यंत दाखल करता येते. त्या अर्जावर नामनिर्देशित प्रतिनिधीची, म्हणजे कायद्याने रुग्णाच्या बाजूने उभ्या राहणाऱ्या माणसाची, सही लागते. तो कसा भरायचा हे मला ठाऊक आहे. मंगळवारी सकाळी नऊ वाजता मी रुग्णालयाच्या त्र्यंबकरोडच्या फाटकापाशी थांबतो; माझी पत्नीही सोबत असेल.

सातपूरची वहिनी

आज वरण साधेच केले. बाटलीवर कोणत्याही औषधाचे नाव नाही, फक्त हसणाऱ्या कुटुंबाचे चित्र आहे. मंगळवारी ती सोबत आणते.