मी खातं बंद केलं, पण इतरांच्या फोनमधून स्वतःला कसं काढू? मदत हवी आहे

नमस्कार. जरा सविस्तर लिहिते, म्हणजे नेमकं कुठे अडलंय ते कळेल.

गेल्या महिन्यात अनोळखी नंबरवरून फोन आला. "अमुकची आई ना?" असं म्हणत त्याने माझ्या मुलीचं नाव घेतलं. मग तिचा वाढदिवस नुकताच झाला ना, असं म्हणून कसल्याशा क्लासची माहिती द्यायला लागला. मी फोन ठेवला, पण हात थरथरत होते. मुलगी ६ वर्षांची आहे. तिचा एकही फोटो मी कुठेही टाकलेला नाही. माझं फेसबुक खातं मी तिच्या जन्माआधीच डिलीट केलं, नुसतं निष्क्रिय नाही. (३० दिवसांत पुन्हा लॉगिन केलं तर डिलीट करणं रद्द होतं, म्हणून ते दिवस मोजून मी तिकडे फिरकलेही नाही.)

शोधाशोध केल्यावर दोन गोष्टी सापडल्या. एक म्हणजे फोन करणाऱ्याचं नाव दाखवणारं ॲप. त्यात माझ्या नंबरापुढे माझं नावच नाही, "अमुकची आई" असं आहे. कुणीतरी मला तसं सेव्ह केलं असणार, आणि ॲपने संपर्क वाचायची परवानगी मागितल्यावर 'हो' म्हटलं असणार. दुसरी म्हणजे माझ्या नणंदेचं प्रोफाइल. ते सगळ्यांना उघडं आहे. वाढदिवसाचे फोटो, भिंतीवर मुलीच्या नावाची अक्षरं, एका फोटोत शाळेच्या गणवेशावरचा बिल्ला स्पष्ट वाचता येतोय. तिने कौतुकानेच टाकलंय, मनात काही वाईट नाही. म्हणून तर बोलणं इतकं जड जातंय.

केंब्रिज ॲनालिटिका या राजकीय सल्लागार कंपनीने फेसबुकवरच्या लोकांची माहिती त्यांना न विचारता मिळवल्याचं प्रकरण २०१८ मध्ये बाहेर आलं तेव्हा मी वरवर वाचलं होतं, आता पुन्हा वाचलं. ती माहिती ज्यातून गेली ते फेसबुकवरचं व्यक्तिमत्त्व-चाचणीचं ॲप घेतलं होतं जेमतेम २ लाख ७० हजार लोकांनी, आणि फेसबुकच्याच अंदाजाप्रमाणे माहिती गेली ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोकांची. बाकीचे नुसते कुणाच्या तरी मित्रयादीत होते. मीही आता तशीच कुणाच्या तरी यादीत आहे. संमती माझी हवी होती, ती दिली भलत्यानेच. हे मला फार लागलंय.

आतापर्यंत केलं ते असं: त्या ॲपच्या संकेतस्थळावरून माझा नंबर काढून टाकायची विनंती केली. व्हॉट्सॲपवर प्रोफाइल फोटो फक्त संपर्कांना दिसेल असं ठेवलं. कॅमेऱ्याची लोकेशन परवानगी बंद केली, कारण फोटोच्या फाइलमध्ये ठिकाणाचे अक्षांश-रेखांश साठतात आणि तो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर तसेच पुढे जातात.

आता अडलंय ते इथे.

नंबर एकदा काढल्यावर दुसऱ्या कुणी आपली संपर्कयादी त्या ॲपला दिली, तर नाव पुन्हा येतं का? कुणाला अनुभव आहे?

१८ वर्षांखालच्या मुलांचे फोटो शोधनिकालांतून काढण्यासाठी पालकांना गूगलकडे अर्ज करता येतो. त्याने फोटो मूळ जागेवरून जात नाही हे मला माहीत आहे. पण अर्ज केलेल्यांनी सांगा, किती दिवस लागले, काय काय विचारलं?

आणि सगळ्यात अवघड, नणंदेशी बोलणं. फेसबुकवर जुन्या सगळ्या पोस्ट एकदम फक्त मित्रांपुरत्या करायची सोय आहे, ती तिच्या शेजारी बसून करून द्यावी असं मनात आहे. पण "आपलीच तर माणसं बघतात" असं ती म्हणाली की मी गप्प होते. हा विषय नवऱ्याने काढावा की मीच? तुमच्यापैकी कुणी घरात हे बोललं असेल, तर सुरुवात कुठल्या शब्दांनी केली तेवढं तरी लिहा.

कृपया उत्तरं इथेच द्या. व्यक्तिगत निरोपात मुलीचं नाव किंवा शाळा विचारू नका.